‘घरी थांबा, कळवतो’ असं सांगितलं तर

५ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात कोरोनामुळे पुन्हा निर्बंध लागले, शोरूमची शटरं खाली आली आणि सेल्सच्या मुलामुलींना बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकवलं गेलं : घरी थांबा, कळवतो. ७ जूनपासून निर्बंधांची पाच स्तरांची नवी पद्धत सुरू झाली. मुंबई तिसऱ्या स्तरात होती. म्हणजे रस्त्यावरचं कपड्याचं दुकान दुपारी चारपर्यंत उघडं, आणि त्याच कंपनीचं मॉलमधलं दुकान बंद. एकाच ब्रँडचा टी-शर्ट घालणाऱ्या दोघांपैकी एक कामावर होता, दुसरा घरी. घरी असलेल्याचा पगार कुठे निम्मा, कुठे शून्य, आणि पुष्कळ ठिकाणी नक्की काय ठरलंय ते एरिया मॅनेजरलाही सांगता येत नव्हतं.

हा लेख त्या घरी बसलेल्यासाठी आहे. जून २०२१ च्या मध्यावर जे नियम लागू होते त्यांच्या आधारे तो लिहिला आहे; खालच्या तारखा, रकमा आणि मुदती त्याच वेळच्या आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. परदेशी ब्रँडच्या एचआरकडून येणाऱ्या पत्रांत ‘फर्लो’ हा शब्द असतो, आणि तो वाचून काही जणांना वाटतं की सरकारकडून काहीतरी मिळणार. ब्रिटनमध्ये ते खरं होतं. तिथलं सरकार मार्च २०२० पासून अशा कामगारांच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, कंपनीमार्फत देत होतं. आपल्याकडे अशी योजना नाही. केंद्राने २९ मार्च २०२० ला ‘टाळेबंदीत पगार कापू नका’ असा आदेश काढला होता, पण १८ मे २०२० पासून तो मागे घेतला गेला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ जून २०२० ला न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा असं सांगितलं. २०२१ मध्ये तसा आदेशही नव्हता. औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफसाठी निम्म्या पगाराची भरपाई होती, पण ती कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरती, दुकानांना ती लागू नव्हती. आणि राज्य सरकारने एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या मदतीत रिक्षाचालक, फेरीवाले, घरकामगार, बांधकाम कामगार होते. दुकानात उभं राहून विकणारा माणूस त्या यादीत नव्हता.

मग त्याच्याकडे काय आहे? ईएसआय (राज्य कामगार विमा) आहे, पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, साठलेली रजा आहे. या चारही गोष्टी एका प्रश्नावर अवलंबून असतात : कागदोपत्री तुम्ही आज नोकरीत आहात की नाही? खाली जे काही सांगितलं आहे ते या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजूने राहावं यासाठी.

आजच्या आज : लॉगिन चालू आहे तोवर

कंपनीचं एचआर पोर्टल किंवा हजेरीचं ॲप अजून उघडत असेल तर सगळ्यात आधी ते उघडा. गेल्या दोन वर्षांच्या पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, रजेची शिल्लक, हजेरी आणि इन्सेंटिव्हचा तक्ता, सगळं उतरवून घ्या आणि स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. कंपनीच्या ईमेलवर ठेवून उपयोग नाही. लॉगिन बंद होतं तेव्हा कुणी आधी सांगत नाही.

स्टोअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्यापासून येऊ नका’ असा मेसेज आला असेल तर ग्रुपमधून काढलं जाण्याआधी चॅट एक्सपोर्ट करा. पुढे कधी ‘तो स्वतःच यायचा बंद झाला’ असा पवित्रा घेतला गेला, तर हाच मेसेज तुमचा साक्षीदार.

तुम्ही नक्की कुणाच्या रोलवर आहात?

प्रश्न विचित्र वाटेल, पण मॉलमध्ये तो अगदी खरा आहे. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर उभी असलेली मुलगी बहुधा त्या स्टोअरची नसते, ब्रँडची असते. आणि ब्रँडचीही नसते, मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीची असते. फ्लोअरवर याला ‘ऑफ रोल’ म्हणतात. अशा वेळी स्टोअर मॅनेजरशी भांडण्यात दिवस वाया जातात, कारण पगार थांबवणारा तो नसतोच. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक काढा आणि त्यावर कोणत्या आस्थापनेचं नाव आहे ते पाहा. बँकेच्या खात्यात पगार कुणाच्या नावाने जमा होतो तेही पाहा. ज्या नावाने पैसे येतात त्या नावाला पत्र लिहायचं.

पत्र एकच, पण लेखी

‘घरी थांबा’ याचे चार अर्थ होऊ शकतात : तुमची साठलेली रजा वापरली जाते आहे, तुम्ही बिनपगारी रजेवर आहात, कमी पगारावर आहात, किंवा तुमची नोकरी संपली आहे. चारही बाबतींत हक्क वेगळे, म्हणून यापैकी काय ते विचारून घ्या. मजकूर साधारण असा असू द्या :

“नमस्कार. शासनाच्या आदेशामुळे ५ एप्रिलपासून आपले स्टोअर बंद आहे. मी कामावर हजर राहण्यास तयार आहे. या काळात माझी नोंद पगारी रजा, बिनपगारी रजा की अन्य प्रकारे केली जात आहे, तसेच पगार, पीएफ आणि ईएसआयचा हप्ता किती भरला जाणार आहे, हे कृपया ईमेलने कळवावे. १ ते ४ एप्रिलचा पगार आणि मार्चचा इन्सेंटिव्ह कधी जमा होईल तेही कळवावे.”

यातलं दुसरं वाक्य गाळू नका. काम द्यायला मालक तयार नव्हता, करायला मी तयार होतो, हे पुढच्या प्रत्येक ठिकाणी दाखवावं लागतं. एचआर बंगळुरूला किंवा गुरुग्रामला बसत असेल तर इंग्रजीत लिहा. मोडकंतोडकं चालेल, ग्राहकाशी रोज बोलता तेवढं पुरे. उत्तर आलं नाही तर आठवड्याने तोच ईमेल पुन्हा पाठवा. आणि शक्य असेल तर स्टोअरमधल्या सगळ्यांनी मिळून पाठवा. एकट्याने विचारलं की तो ‘कटकट करणारा’ ठरतो. बारा जणांनी एकाच दिवशी एकच मजकूर पाठवला की एचआरला वरती विचारावंच लागतं.

राजीनामा मागितला तर

‘आत्ता राजीनामा दे, दुकान उघडलं की परत घेतो’ हा प्रस्ताव फोनवर येतो, कधीच कागदावर येत नाही. नाही म्हणा. सांगणारा मॅनेजर भला माणूस असेलही, पण दुकान उघडेल तेव्हा तो त्या स्टोअरला असेलच असं नाही.

राजीनाम्याने काय जातं ते पाहा. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर मालकाने एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. पुन्हा भरती करताना अशा कामगाराला प्राधान्य द्यायचं असतं. राजीनामा दिलात की यातलं काही उरत नाही. ईएसआयची बेकारी मदतही मालकाने कमी केलेल्यांसाठी असते, आपणहून सोडणाऱ्यांसाठी नाही. पीएफशी जोडलेला विमा, ज्याची कमाल रक्कम एप्रिल २०२१ अखेर ७ लाख केली गेली, तोही नोकरीत असताना मृत्यू झाला तरच वारसाला मिळतो. कोरोनाने मृत्यू झालेल्या विमाधारक कामगाराच्या कुटुंबाला मासिक मदत देण्याची ईएसआयची योजना जून २०२१ मध्ये आली, तिचीही अट नोकरीत असण्याची होती. महामारीच्या मध्यावर हे हक्क स्वतःच्या सहीने सोडून देण्यात शहाणपण नव्हतं. गरोदर असणाऱ्या मुलींनी तर हा कागद हातातही घेऊ नये. ईएसआयच्या २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या पगारासाठी आधीच्या दोन हप्ताकाळांत मिळून ७० दिवसांचे हप्ते लागतात, आणि ते बहुधा तुमचे भरलेले असतात.

नोकरीत राहिलात तर ग्रॅच्युइटीची साखळीही तुटत नाही. कामगाराचा दोष नसताना काम बंद पडलं तर तो काळ सलग नोकरीतच धरला जातो. पाच वर्षं भरायला चार महिने उरलेल्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पगारकपातीच्या कागदावर सही करण्याआधी

निम्मा पगार देऊ करणारी कंपनी शून्य देणाऱ्या कंपनीपेक्षा बरी, यात वाद नाही. पण कपात कशातून होते ते पाहा. ग्रॅच्युइटी तेव्हा शेवटच्या मूळ पगारावर (आणि महागाई भत्ता असेल तर त्यावरही) मोजत. मूळ पगार ९,००० आणि नोकरी सहा वर्षं असेल तर १५ गुणिले ९,००० भागिले २६ गुणिले ६, म्हणजे सुमारे ३१,१५० रुपये होतात. कपातीच्या कागदात मूळ पगारच ६,००० केला आणि पुढे त्यावरच नोकरी संपली, तर तीच रक्कम सुमारे २०,७७० वर येते. म्हणून आग्रह धरा : मूळ पगार तोच राहू द्या, वजावट तात्पुरती म्हणून वेगळी दाखवा, आणि ती कधी संपणार ती तारीख लिहा. तारीख नसलेली कपात दुकान गजबजल्यावरही चालू राहते.

साठलेली रजा वापरायला सांगितलं तर मी म्हणेन, फार ताणू नका. २०२१ मध्ये दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लागू असलेल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठते. ही रजा खर्ची पडली की दुःख होतं खरं, पण त्या दिवसांचा पगार निघतो आणि ईएसआयचा हप्ताही भरला जातो. तो हप्ता का महत्त्वाचा, ते आता पाहू.

ईएसआय : ७८ दिवसांचं गणित

महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असण्याची शक्यता दाट आहे. बरेच जण पगारातून कापला जाणारा पाऊण टक्का पाहतात आणि विसरतात. हे खातं समजून घेण्यासारखं आहे.

हप्त्यांचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा मोजतात. पहिल्या काळातल्या हप्त्यांवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, दुसऱ्यावर जुलै ते डिसेंबरमध्ये. एका काळात किमान ७८ दिवसांचे हप्ते भरलेले असतील तर लाभाच्या काळात आजारी पडल्यावर रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. कोरोना हाही आजारच. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं.

आता मॉलवाल्यांची गोची बघा. २०२० मध्ये राज्यातले मॉल ५ ऑगस्टला उघडले. तिथून सप्टेंबरअखेरपर्यंत ५७ दिवस होतात. ज्यांना त्याआधीचे महिने पगार मिळाला नाही त्यांचे ७८ दिवस भरलेच नाहीत, आणि म्हणून जानेवारी ते जून २०२१ मध्ये कोरोना झालेल्या कित्येकांना आजारपणाचा पैसा मिळण्याचा मार्ग बंद झाला. पण ऑक्टोबर ते मार्च दुकानं चालू होती. त्या हप्त्यांचा लाभकाळ १ जुलै २०२१ ला सुरू होणार होता. म्हणजे नोकरीत असलेल्यांचा हा हक्क तेव्हा पुन्हा जागा होणार होता. आणि चालू हप्ताकाळात पुन्हा ७८ दिवस भरतील का याचा हिशेब आताच मांडा : आतापर्यंतचे पगारी दिवस, वापरलेली भरपगारी रजा, दुकान उघडल्यावरचे दिवस. पाच-सहा दिवस कमी पडत असतील तर ते रजेतून भरून द्यायला एचआरला सांगता येतं. यासाठी कंपनीला फार खर्च येत नाही.

नोकरी खरोखरच गेली असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना होती. तेव्हाच्या सवलतीत रोजच्या सरासरी कमाईच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत मिळत होते. ही सवलत ३० जून २०२१ पर्यंत जाहीर झालेली होती; अशा मदतीचा अर्ज लांबवू नका. दोन वर्षं विमा असलेली नोकरी, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या हप्ताकाळात ७८ दिवस, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळात ७८ दिवस, अशा अटी होत्या. एप्रिल २०२१ मध्ये कमी केलेल्या, दोन वर्षं जुन्या मॉल कामगाराचं हे गणित बहुधा जमत होतं. लगेचचा काळ ऑक्टोबर ते मार्च, तो भरलेला. २०१९ चे दोन काळही भरलेले. मधला टाळेबंदीचा काळ कोरडा गेला तरी चालत होतं.

रक्कम मात्र आटते. चार हप्ताकाळांची एकूण कमाई भागिले ७३० अशी सरासरी काढतात. महिना १४,००० सलग मिळाले असते तर सरासरी ४६० रुपये, म्हणजे तिच्या निम्म्याने ९० दिवसांचे २०,७०० होतात. २०२० मध्ये चार महिने पगार नसेल तर एकूण ३,३६,००० ऐवजी २,८०,००० धरा. मदत सुमारे १७,२६० वर येते. आयुष्यात एकदाच, एकूण ९० दिवस. ज्यांनी २०२० मध्ये पूर्ण घेतली त्यांना पुन्हा नाही. अर्ज ईएसआयच्या वेबसाइटवर भरून शाखा कार्यालयात द्यायचा, सोबत प्रतिज्ञापत्र, आधार आणि बँकेचा तपशील. मालकाच्या सहीसाठी ताटकळायची गरज आता नाही.

पीएफ : काढावा की नाही

कोरोनासाठीची उचल २०२० मध्ये ज्यांनी घेतली त्यांनाही २०२१ मध्ये दुसऱ्यांदा घेता येत होती. ३१ मे २०२१ ला तशी परवानगी आली. तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीचे ७५ टक्के, यातली जी रक्कम कमी ती मिळत होती. मूळ पगार ९,००० आणि शिल्लक ६०,००० असेल तर २७,००० आणि ४५,००० यातले २७,०००. परत भरावी लागत नव्हती, नोकरी सुटलेली असायचीही गरज नव्हती. केवायसी पूर्ण असेल तर तीन दिवसांत निकाल लावायचं भविष्य निधी कार्यालयाचं धोरण होतं. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आधार, बँक आणि पीएफ यांत नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करा, पैसे नंतर लागणार असले तरी.

ऑफिसबाहेर बसणाऱ्या एजंटाला टक्केवारी देऊ नका. तो करतो ते काम उमंगवर वीस मिनिटांत होतं. पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही.

माझं मत विचाराल तर घरभाडं आणि किराणा थांबायची वेळ आली तरच उचल घ्या, आणि मागायची तेवढीच मागा; अर्जात कमी रक्कम लिहिता येते. या खात्यावर २०२०-२१ साठी साडेआठ टक्के व्याज होतं. बचतगट आणि पतपेढी धरूनही एवढ्या निर्धास्तपणे इतकं व्याज देणारं दुसरं खातं आपल्या हाताशी नव्हतं. पासबुक बघताना एक गोष्ट तपासा. ‘सर्व्हिस हिस्टरी’त नोकरी सोडल्याची तारीख परस्पर भरली गेली आहे का? असेल तर फोनवर तुम्हाला रजा सांगितली जात आहे आणि कागदावर तुम्ही केव्हाच बाहेर आहात. लगेच लेखी हरकत घ्या.

रजेवर असताना काम सांगितलं तर

१ जून २०२१ पासून जीवनावश्यक नसलेल्या वस्तूंचीही घरपोच विक्री सुरू झाली आणि घरी बसलेल्या मुलांना याद्या येऊ लागल्या : तुझ्या जुन्या ग्राहकांना फोन कर, नवा माल व्हिडिओवर दाखव, स्टॉक मोजायला दोन तास ये. ब्रिटनच्या योजनेत पूर्ण रजेवरच्या कामगाराला कंपनीचं काम करायला बंदी होती. इथे बंदी नाही, पण काम केलं तो दिवस पगारी, हे साधं आहे. नकार देण्यापेक्षा नोंद करा. काम संपल्यावर मॅनेजरला मेसेज टाका : “आज ११ ते ३, ४२ ग्राहकांना फोन केले, ३ ऑर्डर. हजेरी लावावी.” रोज टाका. त्यातून पगार निघेल किंवा फोन करायला सांगणं थांबेल.

तोवर डिलिव्हरीचं किंवा दुसरं काम धरायचं असेल तर नेमणूकपत्रातली ‘अन्यत्र काम करू नये’ ही अट वाचा आणि एचआरकडून ईमेलवर होकार घ्या. पगार न देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं. मात्र नव्या ठिकाणी तुमच्या जुन्या खात्यावरच पीएफ सुरू झाला तर जुनी नोकरी सुटल्याचा अर्थ निघू शकतो, हे ध्यानात ठेवा. आणि नोकरी लावायला ‘रजिस्ट्रेशन फी’ मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

घरखर्च

ईएमआय चुकण्याआधी बँकेला कळवा. चेक किंवा ऑटो डेबिट परत गेलं की बँकही दंड घेते आणि कर्ज देणारी कंपनीही. २०२० सारखी हप्त्यांची सरसकट सवलत २०२१ मध्ये नव्हती. रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ ला कर्जाची पुनर्रचना खुली केली होती. ३१ मार्चला कर्ज बुडीत (एनपीए) धरलं गेलेलं नसेल आणि आधी पुनर्रचना घेतलेली नसेल तर ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत मागता येत होती. पुनर्रचनेत व्याज चालूच राहतं, म्हणून मोबाइलच्या कर्जासाठी ती मागू नका, घराच्या कर्जासाठी विचार करा. पिवळं किंवा प्राधान्य गटातलं केशरी कार्ड असणाऱ्यांसाठी माणशी पाच किलो मोफत धान्य २०२१ च्या दिवाळीपर्यंत वाढवलं होतं, आणि गावचं कार्ड मुंबई-पुण्याच्या रेशन दुकानातही चालतं.

कामगार कार्यालयात

पगार थकला किंवा नोटीस न देता काढलं तर सहायक कामगार आयुक्तांकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन. वकील लागत नाही. काढून टाकल्याच्या प्रकरणात तडजोड झाली नाही तर २०२१ मध्ये अर्जाला ४५ दिवस झाल्यावर थेट कामगार न्यायालयात जाता येत होतं, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. ओळखपत्रावर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलंय म्हणून तुम्ही कामगार नाही, असं तिथे ऐकवलं जाईल. न्यायालय हुद्दा पाहत नाही, रोजचं काम पाहतं. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालणारे आणि बिल मारणारे असिस्टंट मॅनेजर आपल्या मॉलमध्ये काही कमी नाहीत. रोस्टरचे फोटो असतील तर सोबत न्या.

बोलावणं आल्यावर

जाण्याआधी कोरोनाची लस घ्या. एप्रिल २०२१ च्या आदेशातच दुकानातल्या कर्मचाऱ्यांनी लस घ्यावी असं म्हटलं होतं, आणि २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ती केंद्राकडून मोफत होती. सर्टिफिकेट फोनमध्ये ठेवा.

पहिल्या दिवशी पुढ्यात एखादा फॉर्म येईल. तो ‘पुन्हा रुजू होण्याचा’ आहे की ‘नवीन नेमणुकीचा’, हे उभ्या उभ्या का होईना, वाचा. नेमणुकीची तारीख जुनीच हवी, एम्प्लॉयी कोड जुनाच हवा, रजेची शिल्लक दाखवलेली हवी. तारीख नवी असेल तर सही करू नका. जुन्या नेमणूकपत्राची प्रत दाखवा, दुरुस्त करून मागा, आणि तोवर हजेरी लावून फ्लोअरवर कामाला लागा.